पाटो ते रायबंदर : रस्ता रुंद करायचा की मोटारी कमी करायच्या?

मळेकार (धागाकर्ता)

मागच्या रविवारी रायबंदरला एका बारशाला गेलो होतो. जेवताना विषय निघाला तो पणजीच्या पाटोहून रायबंदरला जाणाऱ्या रस्त्याचा. पंगतीतल्या बहुतेकांचं मत पडलं, की हा रस्ता रुंद केल्याशिवाय आता सुटका नाही. मी पाहुणा होतो, म्हणून तिथे फार ताणलं नाही. पण घरी आल्यापासून चैन नाही, म्हणून इथे मांडतो.

माझं मत असं. हा रस्ता हातभरसुद्धा रुंद करू नये. उलट सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५.३० ते ७.३० या वेळात तो खासगी चारचाकींना बंद ठेवावा. बस, दुचाकी, सायकल, रुग्णवाहिका आणि रायबंदरच्या व समोरच्या चोडण बेटावरच्या रहिवाशांच्या गाड्या सोडाव्यात. बाकीच्यांनी कदंब पठारावरच्या बायपासने यावं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पणजीच्या पूर्वेच्या टोकाला पाटो. तिथलं दिवजा सर्कल सोडून जुन्या गोव्याकडे निघालं, की डाव्या हाताला मांडवी आणि उजव्या हाताला मिठागरं. त्यातली बरीच आता पडीक आहेत आणि तिथे खारफुटी माजली आहे. मधून जो तीनेक किलोमीटरचा सरळ रस्ता जातो, तो व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात १६३३-३४ मध्ये बांधलेला कॉजवे, म्हणजे पाणथळ जागेतून उचलून बांधलेला रस्ता, आहे. म्हणून त्याला पोंती द लिन्यारिश म्हणतात. तेव्हा राजधानी जुन्या गोव्यात होती आणि पणजी म्हणजे दलदलीच्या कडेची वस्ती. पुढे १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि जी वाट राजधानीतून बाहेर जायची तीच राजधानीत यायची वाट झाली. बायपास होईपर्यंत फोंड्याकडून येणारी वाहतूक याच रस्त्याने पणजीत शिरत होती. चिऱ्यांच्या भिंती, खाली भरती-ओहोटीचं पाणी जायला कमानी, आणि त्यावरून आज आपली वाहनं जातात. जवळजवळ चारशे वर्षं झाली.

याच पणजीत मांडवीवरचा पहिला पूल १९७० साली सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. सोळा वर्षं टिकला. जे चारशे वर्षं टिकलं त्याला हात लावताना शंभरदा विचार करावा, एवढंच मला यातून कळतं.

दुसरं म्हणजे, रस्ता रुंद करून गाड्या जाणार कुठे? २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेच्या हद्दीत जेमतेम चाळीस हजार माणसं होती. अठरा जून मार्ग, चर्चसमोरचा चौक, मार्केट, सगळं पोर्तुगीज काळच्या मापाने आखलेलं. तिथे तासाला दुप्पट गाड्या सोडल्या तर त्या पाटोवरच तुंबणार. नरसाळ्याचं वरचं तोंड रुंद केलं म्हणून खालची नळी रुंद होत नाही.

सकाळी पाटोच्या बाजूला उभं राहून येणाऱ्या गाड्यांत डोकावून बघा. बहुतेक मोटारीत एकटा चालक. मागे बस, बसमध्ये दारापर्यंत माणसं, आणि ती त्या मोटारींच्या मागे थांबलेली. मला हा अन्याय वाटतो.

पठारावरून

मळेकार, तुमचा जीव पणजीच्या मळा भागात आहे, आमचा पठारावर. म्हणून बायपासवर गाड्या ढकलणं तुम्हाला सोपं वाटतं.

बायपास मेरशीला उतरतो तिथे काय होतं ते बघा. मडगावकडून येणारा महामार्ग ६६ तिथे, फोंड्याकडून येणारा ७४८ तिथे, आणि मांडवीवरच्या अटल सेतूवर चढायला धडपडणारेही तिथेच. रायबंदरची वाहतूक त्यात टाकली तर कोंडी कमी न होता दिवजा सर्कलवरून मेरशीला जाईल. बायपास बांधला तेव्हा पठारावर मोकळं रान होतं. आता दोन्ही बाजूंनी इमारती आहेत. आम्ही तिथे घरं घेतली ती पणजीत घर परवडत नाही म्हणून. सकाळी मुलीला शाळेत सोडायचं असतं, बायकोला पाटोला. सिग्नलवर अर्धा तास आम्ही आधीच देतो. त्यात तुमचा वारसा वाचवायला आणखी पंधरा मिनिटं द्यायची?

रुंदीकरण नको यावर मी तुमच्याबरोबर आहे. बंदीवर नाही.

चोडणकार

मी चोडणचा. मुख्य पोस्ट दोनदा वाचली, तरी समाधान झालं नाही.

फेरीबोटीतून रायबंदरच्या धक्क्यावर उतरलं की आम्हाला हा एकच रस्ता आहे. बायपासला जायचं तर चिंबलची चढण किंवा थेट जुन्या गोव्याचा वळसा. रहिवाशांना सूट म्हणता, ती कशी देणार? काचेवर चिकटपट्टी? पास? कोण तपासणार आणि कुठे? तपासायला गाडी थांबवली की तिथेच नवी रांग. शिवाय चोडणच्या धक्क्यावर फक्त चोडणकर नसतात. मये, डिचोलीकडची माणसं चोडणमार्गे फेरी धरून पणजीला येतात. ती तुमच्या यादीत नाहीत. माझा मेहुणा मयेला राहतो आणि माझ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तोच घेऊन जातो, कारण मी कामावर असतो. गाडी त्याची, नंबर त्याचा, पेशंट मात्र चोडणचा. त्याला सकाळी नऊ वाजता अडवणार का?

बेटावरच्या माणसाचा अर्धा दिवस तसाही फेरीच्या वेळेत बांधलेला असतो. जुलै २०२५ मध्ये रो-रो फेरी आली. तिचं स्वागतच आहे. पण एका खेपेत जास्त मोटारी धक्क्यावर उतरतात, हेही खरं. त्या मोटारी हवेत जाणार नाहीत.

बार्देशकर

मला कळत नाही आपण गोंयकार पुलांना एवढं का भितो. अटल सेतू होण्याआधी मांडवीपलीकडच्या पर्वरीहून पणजीत यायला काय हाल होते ते आठवा. जानेवारी २०१९ मध्ये तो सुरू झाला, आणि मडगाव-फोंड्याकडे जाणारा आता पणजीत न शिरता वरून निघून जातो. तसाच एक पूल कॉजवेला समांतर, खांबांवर, रायबंदर ते पाटो. जुना रस्ता जसाच्या तसा ठेवा, त्यावर फिरायला जा, सायकली चालवा. वारसाही राहील आणि वाहतूकही सुटेल. यात कुणाचं काय बिघडतं?

मळेकार

@बार्देशकर, अटल सेतू कामाचा ठरला कारण तो पणजीत *न थांबणाऱ्या* माणसाला वरच्यावर नेतो. रायबंदरच्या रस्त्याने सकाळी येणारा माणूस पणजीतच थांबायला येतो. त्याला पूल दिला तरी तो पाटोलाच उतरणार आणि गाडी लावायला जागा शोधत फिरणार.

आणखी एक. अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. गोव्यात सकाळी कामावर निघालेला माणूस बहुतेक करून स्कूटरवर असतो. आपण एवढा मोठा पूल बांधला आणि त्या माणसाला जुन्या पुलावरच ठेवलं. समांतर पूल झाला की त्यावरही हीच पाटी लागेल, अशी मला भीती वाटते.

चिरा आणि चुना

सार्वजनिक बांधकामात आयुष्य काढलेला माणूस आहे, आता निवृत्त. कॉजवेच्या कामाशी माझा कधी संबंध आला नाही, पण खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत, रस्ते बांधले आहेत. म्हणून थोडं तांत्रिक.

खाजन जमिनीखाली मऊ चिखल असतो. त्यावर भराव घातला की तो पहिली काही वर्षं बसत राहतो. जुना कॉजवे आपल्या वजनाने बसायचा तेवढा केव्हाच बसला आहे. त्याला चिकटून नवा भराव घातला तर नवा भाग खचेल आणि जाताना जुन्यालाही ओढेल. सांध्याला भेग पडते, पावसाचं पाणी भेगेत शिरतं, आतली माती निघून जाते. वरून डांबर गुळगुळीत दिसतं आणि खाली पोकळी. असे रस्ते मी पाहिले आहेत.

कमानींचंही तसंच. त्या शोभेसाठी ठेवलेल्या नाहीत. मांडवीची भरती त्यांतून पलीकडे जाते, ओहोटीला परत येते. आपल्या बांधांवरच्या मानशी (पाणी सोडायची-अडवायची दारं) जे काम करतात त्याच जातीचं हे काम. रुंदीकरणात कमानींपुढे पाइप टाकतात आणि म्हणतात पाण्याला वाट ठेवली आहे. पाइप गाळाने भरतो. मग पावसाळ्यात मेरशी-सांताक्रूझच्या सखल भागात पाणी का साचतं, याची चौकशी होते.

कायद्याचंही सांगतो, कारण पंगतीत ते कुणी सांगत नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमं होती. खाजन जमिनीत विकासकाम नाही आणि खाजनालगतची खारफुटी राखायची, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. ते उगाच आलं नाही. गोव्याच्या लोकांनी मागून घेतलं.

खांबांवरच्या पुलाला भराव लागत नाही, हे बार्देशकरांचं म्हणणं बरोबर. पण खांब ठोकायला यंत्रं न्यावी लागतात, त्यांना तात्पुरता रस्ता लागतो, आणि तो तात्पुरता भराव पुढे काढला जात नाही. माझ्या नोकरीत तो पूर्ण काढलेला मी एकदाही पाहिला नाही.

गर्दीच्या वेळी मोटारी बंद कराव्यात का, यावर मी मत देत नाही. ते वाहतुकीचं शास्त्र आहे, माझं नव्हे.

जुन्या_गोव्याची

मी पणजीत एका कापड दुकानात काम करते. जुन्या गोव्याहून रोज बसने. या धाग्यात कुणाची गाडी कुठून जावी यावर एवढं लिहून झालं, म्हणून वाटलं बसमधल्या माणसानेही लिहावं.

सकाळची बस मला उभ्यानेच मिळते. रायबंदरच्या वस्तीत रस्ता घराच्या पायऱ्यांना लागून जातो. समोरून बस आली तर एकीने थांबावं लागतं. तिथे एखादी मोटार पाव आणायला कडेला लावलेली असली, की सगळ्यांचा खोळंबा. तिथून सुटलं की कॉजवेवर रांग. खिडकीतून मिठागरात उभे बगळे मोजत बसते. हे सहन होतं, पण दुकानात पोचायला दहा मिनिटं उशीर झाला तर पगारातून कापतात, ते सहन होत नाही. मोटारीतल्या साहेबांना ऑफिसात दहा मिनिटं कोण विचारतं?

पठारावरून लिहिणाऱ्यांना पंधरा मिनिटं जास्त देणं जड जातं. मला ते समजतं. पण आम्ही ती पंधरा मिनिटं किती वर्षं देत आलो, ते कधी कुणी मोजलं?

मळेकारांच्या म्हणण्याला माझा पाठिंबा. एक मात्र त्यांनी लिहिलं नाही. रात्री आठला दुकान बंद होतं. त्यानंतर बस मिळणं नशिबाचा भाग. पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, परवडत नाही. सकाळी बसला रस्ता मोकळा करून दिलात आणि रात्री बसच नसेल, तर माझ्यासारख्या बाया कर्ज काढून स्कूटर घेतील. माझ्या दोन मैत्रिणींनी घेतलीच.

पठारावरून

@जुन्या_गोव्याची, ताई, तुमचं लिहिणं वाचून थोडा वेळ थांबलो. मी 'वारसा' म्हणून बोललो, तो शब्द घाईचा होता. पगार कापणं वाईटच.

तरी माझा मुद्दा उरतो. मेरशीचा चौक सुधारल्याशिवाय बंदी घातली, तर बायपासवरून येणाऱ्या बसही अडकतील. फोंड्याहून येणाऱ्या बसमध्ये तुमच्यासारख्याच बाया उभ्या असतात.

बेतीचा म्हातारा

माझं वय सत्तरीच्या पुढे. १९८६ साली पूल पडला तेव्हा मी पणजीत नोकरीला आणि घर मांडवीपलीकडे बेतीला. पुलाच्या आधी फेरीनेच जायचो, पुन्हा फेरीवर आलो. पावसाचे दिवस, धक्क्यावर छत्र्यांची गर्दी, बोटीत पाय ठेवायला जागा नाही.

पण त्या दिवसांतली एक गोष्ट सांगायची राहून जाते. गाड्या अडल्या तशी माणसं बदलली. साहेब आणि शिपाई एकाच बोटीत. मोटार पलीकडे ठेवून लोक पायी ऑफिसात. पणजी शहर केवढं? धक्क्यावरून मार्केटपर्यंत चालायला किती वेळ लागतो? नवे पूल झाले आणि चालणारी तीच माणसं मोटारीत बसली. मग दुसरा पूल, मग तिसरा. प्रत्येक पुलाच्या वेळी आम्हाला सांगितलं, आता कोंडी सुटली. मी तिन्ही पूल बघितले.

रायबंदरला चौथा प्रयोग नको. हात जोडून सांगतो.

बार्देशकर

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण १९८६ ची पणजी आणि आजची पणजी एक नाही. तेव्हा सचिवालय पणजीत होतं. आज विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय सगळं पर्वरीच्या डोंगरावर. जुन्या गोव्याचा माणूसही पणजी ओलांडून पर्वरीला जातो. तो चालत कसा जाणार? एका बसने पाटोपर्यंत, तिथून दुसरी बस, वर चढ. हे सगळं करून वेळेत पोचायचं, म्हणून तो मोटार काढतो. त्याला आळशी ठरवू नका. समांतर पुलाबद्दल चिरा-चुन्यावाल्यांनी जे लिहिलं ते मी मानतो. तात्पुरत्या भरावाचं मला माहीत नव्हतं. पण नुसतं 'नको' म्हणून त्या माणसाचा प्रश्न सुटत नाही.

मळेकार

दोन दिवस सगळं वाचतो आहे. माझ्या मूळ प्रस्तावात दोन भोकं होती, ती मान्य करतो.

पहिलं चोडणचं. रहिवासी पास ही कल्पना मी मागे घेतो. तपासणी कॉजवेच्या तोंडाशी केली तर चोडणकार म्हणतात तशी रांग लागेल, आणि मयेचा मेहुणा हा काही अपवाद नव्हे, असे शेकडो असतील. त्याऐवजी अडवायचं ते रायबंदरच्या पलीकडे, जुन्या गोव्याच्या बाजूला, जिथे बायपासचा फाटा समोरच आहे आणि माणसाला निवड आहे. धक्क्यावर उतरलेली मोटार, रायबंदरच्या घरातून निघालेली मोटार, सगळ्या मोकळ्या. पास नाही, चिकटपट्टी नाही. जी मोटार बायपास सहज धरू शकते तीच बायपासने जाईल. हे अशक्यही नाही. ३ डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात दर वर्षी वाहतूक वळवतात आणि आपण सगळे ते पाळतो. एका दिवसासाठी जमतं ते सकाळच्या दोन तासांसाठी जमायला हवं.

दुसरं, क्रम. जुन्या_गोव्याची ताईंनी बरोबर बोट ठेवलं. आधी बस, मग बंदी. रायबंदर आता महापालिकेच्याच हद्दीत आहे. पणजी शहरात विजेवरच्या बस फिरतात, त्यातल्या रात्री जुन्या गोव्यापर्यंत जाव्यात यासाठी मी अर्ज लिहायला घेतला आहे.

मेरशीबद्दल माझ्याकडे आज उत्तर नाही. पण आज जुन्या गोव्यापलीकडून येऊन कॉजवे धरणाऱ्या मोटारींनाच मी बायपासवर पाठवतो आहे, रायबंदरच्या साऱ्या वाहतुकीला नव्हे. यामुळे भार कमी पडेल असं मला वाटतं. पठारावरच्यांना ते पटणार नाही, हेही जाणतो.

रुंदीकरणाबाबत मात्र मागे हटत नाही. संध्याकाळी कॉजवेच्या कठड्याशी गरी टाकून बसलेली माणसं, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, त्यावर उतरणारे पक्षी, हे माझ्या लहानपणापासून तसंच आहे. बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी ते पहिल्यांदा बघितलं. एकदा भराव पडला की ते परत आणता येणार नाही.

पठारावरून

जुन्या गोव्याच्या फाट्यावर वळवणं हे आधीच्यापेक्षा बरं. तरी सही करणार नाही. मेरशीचा आराखडा दाखवा, मग बोलू.

चोडणकार

धक्क्यानंतरच्या गाड्या मोकळ्या म्हणता, तर माझा विरोध अर्धा मावळला. उरलेला अर्धा असा. आमच्या बेटावरची निम्मी पोरं मोटार घेऊन येतात, कारण धक्क्यावर उतरलं की बस डोळ्यांदेखत निघून गेलेली असते. पुढच्या बसची वाट बघत उन्हात उभं राहण्यापेक्षा मोटार फेरीत घातलेली बरी, असा हिशेब आहे. फेरी लागल्यावर पाच मिनिटांनी बस सुटेल असं वेळापत्रक सहा महिने चालवून दाखवा. मी माझी गाडी चोडणच्या बाजूला ठेवून येईन आणि आणखी काहीजणांना तसं करायला सांगेन. अर्ज लिहिताय तर त्यात हे घाला. सकाळच्या फेऱ्यांच्या वेळा मी उद्या लिहून देतो.

जुन्या_गोव्याची

आणि रात्रीची साडेआठची विसरू नका. सव्वाआठची नको, आठला शटर पडल्यावर हिशेब लावायला वीस मिनिटं जातात.